मे महिन्यातला कोट आणि बारमाही घोंगडी

एप्रिल-मेमध्ये पाथर्डीत पारा चाळिशी गाठतो आणि लग्नसराईही तेव्हाच ऐन भरात असते. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, वर कापडी मंडप, आणि नवरदेव थ्री-पीसमध्ये. कॉलरखाली नॅपकिन खोचलेला. मागे मित्र पंखा त्याच्या दिशेने वळवतोय. याच तालुक्यात भर उन्हात लोकर अंगावर घेणारा मेंढपाळही आहे. त्याला पंखा लागत नाही.

कोट का उकडतो

लग्नाचा कोट बहुधा पॉलिस्टर-मिश्र कापडाचा. आत चकचकीत अस्तर, तेही पॉलिस्टरचं. छातीत ताठपणासाठी बक्रम. घाम वाळला तरच अंग गार होतं. लिटरभर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोटात तो वाळतच नाही, नुसता पाठीवरून ओघळतो.

घोंगडीची मेख

घोंगडी दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीची. सणगर ती मागावर विणतात, चिंचोक्याची खळ देतात. म्हणून नवी घोंगडी अंगाला टोचते, ताठ उभी राहते आणि वापरून वापरून मऊ पडते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प पिते, तरी हाताला ओली लागत नाही. पण खरी मेख वेगळीच आहे: हिला ना बाही, ना गुंडी. ती अंगाला चिकटत नाही, खालून वारा खेळतो, ऊन वरच्या वर अडतं. पाऊस आला की तिचीच खोळ, रात्री तेच अंथरूण.

मग काळी घोंगडी तापत नाही? तापते. बेदुइनांच्या काळ्या झग्यांवरचं संशोधन १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. काळ्या झग्यात काय नि पांढऱ्यात काय, अंगाला पोचणारी उष्णता सारखीच निघाली. काळ्या कापडाने जास्तीची शोषलेली उष्णता झग्याच्या सैलपणात खेळणारी हवा बाहेर नेते. घोंगडीचं कोडंही मला बरंचसं इथेच सुटलेलं दिसतं.

ही करामत कोरड्या हवेतली. पाथर्डी पर्जन्यछायेत आहे म्हणून जमतं. कोकणच्या दमट उन्हात हा प्रयोग करू नये.

फडातला शर्ट

दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. फडात बायका साडीवर फुल बाह्यांचा पुरुषी शर्ट चढवतात. पहाटे तो थंडीला कामी येतो, पण दुपारीही उतरत नाही, कारण उसाचं पान हात चिरतं. उकाडा परवडला, ओरखडे नकोत.

वकिलांची सुटका

साहेबाने दिलेल्या काळ्या कोटाला कायद्यानेच पळवाट ठेवली आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतरत्र उन्हाळ्यात तो सक्तीचा नाही.

शिवायचाच असेल तर

शिंप्याला अर्धंच अस्तर लावायला सांगा, कापड सैल विणीचं घ्या. नेहरू जाकीट त्याहून बरं. बाह्या नसल्याने काखेतून वारा जातो. आणि भटजींकडून गोरज मुहूर्त काढून घेता आला, तर कोट कुठलाही चालेल.