दिवसापुरती भाकर
(लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात आपण प्रार्थनेच्या एकान्ताचा विचार केला. तो लेख प्रसिद्ध झाल्यानंतरच्या रविवारी, उपासना आटोपून मंडळी मंदिराच्या पायऱ्या उतरत असता, आमच्यातील एका प्रौढ बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, इथं गीत म्हणताना मन भरून येतं हो, पण घरी जाऊन चूल पेटवली की ते सगळं जातं कुठं? बुधवारपर्यंत तर मी कोरडी ठाक होते. माझ्या विश्वासातच काही खोट आहे का?" त्या क्षणी मला काही नीटसे उत्तर सुचले नाही, आणि जे सुचले ते पायरीवर उभ्याउभ्या सांगण्यासारखे नव्हते. म्हणून या आठवड्याचा ठरलेला विषय पुढे ढकलून मी त्यांच्याच प्रश्नाला हात घालीत आहे. कारण तो प्रश्न त्या एकट्या बाईंचा आहे असे मला वाटत नाही.

मी आयुष्याची तीस वर्षे कचेरीत जमाखर्चाच्या दप्तरात घालविली. कीर्दीचे पान उघडले की पहिली ओळ श्रीशिल्लकेची, म्हणजे काल सायंकाळी जे उरले तेच आज सकाळी जमेस धरावयाचे, हा नियम माझ्या बोटांत इतका मुरला होता, की ईश्वराच्या कृपेचा हिशेबही मी नकळत त्याच पद्धतीने ठेवीत आलो. रविवारी भरणा करावयाचा, आठवडाभर खर्ची घालावयाची, आणि शनिवारी शिल्लक आटली म्हणजे आपल्या भक्तीत काहीतरी अफरातफर झाली असे समजून स्वतःलाच जबाबास उभे करावयाचे, असे माझे चालले होते. त्या बाईंचा प्रश्नही याच समजुतीतून निघालेला आहे. पवित्र शास्त्राने कृपेचा जो हिशेब दाखविला आहे, त्यात मात्र श्रीशिल्लकेचा रकाना मला कोठेच आढळत नाही.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील मान्न्याची कथा आपण लहानपणी शब्बाथशाळेत ऐकली, आणि आकाशातून अन्न पडले या चमत्काराच्या कौतुकात तिचा गाभा आपल्या ध्यानातून निसटला. रानात सकाळचे दव उडून गेल्यावर जमिनीवर जे बारीक, खवल्यांसारखे काही पसरलेले दिसले ते पाहून लोकांनी एकमेकांस 'हे काय?' असे विचारले, आणि त्या प्रश्नावरूनच त्या अन्नाला मान्ना हे नाव पडले. ज्याची ओळख पटली नाही अशा वस्तूवर एका राष्ट्राची चाळीस वर्षे गुजराण झाली, ही गोष्ट एकदा मनात धरली म्हणजे आपल्या घरातील कितीतरी अनोळखी वस्तूंकडे पुन्हा पाहावेसे वाटते. माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर, एवढेच गोळा करण्याचा हुकूम होता. ज्यांनी उद्याच्या धास्तीने झाकून ठेवले, त्यांच्या भांड्यात सकाळी किडे पडले व दुर्गंधी सुटली. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट घेण्याची मुभा होती आणि ते नासत नसे. विसावा हीसुद्धा देवाचीच तजवीज, एवढाच त्या अपवादाचा अर्थ.

त्याच अध्यायाच्या अखेरीस आणखी एक आज्ञा आहे, आणि तीवर मी पुष्कळ दिवस थबकलो. एक ओमर मान्ना पात्रात भरून पुढच्या पिढ्यांना दाखविण्यासाठी परमेश्वरासमोर ठेवावा, असे तेथे सांगितले आहे. तो साठा खाण्यासाठी नव्हता. मागील कृपा जतन करावयाची ती स्मरणासाठी. भूक भागविण्यास तिचा उपयोग नाही. ज्या बंधुभगिनींना वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या सभेत आलेल्या अनुभवावरच आजही जगावयाचे असते, त्यांच्या उपासमारीचे कारण मला येथे सापडते.

प्रभूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत आपल्या मराठी भाषान्तरकारांनी 'भाकर' हा शब्द घातला, याबद्दल मला नेहमी कृतज्ञता वाटते. त्या भाकरीच्या मागे मूळ ग्रीकमध्ये जे विशेषण आहे, ते इतके दुर्मिळ आहे की त्या प्रार्थनेबाहेर ते जवळजवळ सापडतच नाही. 'रोजची', 'उद्या येणाऱ्या दिवसाची', 'जगण्यास अवश्य तेवढी', असे त्याचे निरनिराळे अर्थ विद्वान् आजही करीत आहेत. यांतला कोणताही घ्या. कोठाराचा अर्थ त्यातून निघत नाही.

माझी आई नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात ज्वारीचे पीठ आठवड्यापुरतेच दळीत असे. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, मग आधणाचे पाणी घालून कितीही मळा, गोळ्याला चिकटपणा येत नाही, थापताना कड चिरते, आणि तव्यावर टाकण्यापूर्वीच भाकर हातात मोडते. काटवटीशी बसून ती भाकरी थापी तेव्हा तिचे ओठ हलत असत. ती भाकरींची गणती करते आहे अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. पुढे मी कळता झाल्यावर एके दिवशी जवळ बसून कान दिला, तेव्हा उमगले की प्रत्येक भाकरीबरोबर ती एकेक नाव घेत होती: पहिलीला माझ्या वडिलांचे, मग आम्हां भावंडांचे वयाच्या क्रमाने, आणि शेवटच्या भाकरीला कोणाचेच नाही, कारण ती दारी येणाऱ्याची असे. तिला अक्षरओळख बेताची होती; 'ईश्वरसान्निध्य' हा शब्द तिने कधी उच्चारला नसेल. तव्यावरच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरविताना, ती उलटताना, चुलीच्या तोंडाशी उभी करून फुगताना पाहताना, तिची प्रार्थना चाललेली असे. आणि दुसऱ्या दिवशी तीच नावे, तोच क्रम, पुन्हा पहिल्यापासून.

पुढे मी ब्रदर लॉरेन्स यांच्याविषयी वाचले तेव्हा हा मनुष्य मला परका वाटला नाही, याचे कारण आईची ती काटवटच असावे. फ्रान्सच्या सीमेवरील लोरेन प्रांतात १६१४ च्या सुमारास जन्मलेला हा निकोला हेर्मां तीस वर्षांच्या युद्धात शिपाई होता, जखमी होऊन पायाने अधू झाला, नंतर एका बड्या गृहस्थाकडे हुजऱ्या म्हणून राहिला आणि तेथे हातून वस्तू फुटत राहिल्या. अठराव्या वर्षी हिवाळ्यातील एक निष्पर्ण वृक्ष पाहून, याला पुन्हा पालवी फुटेल, फुले येतील, फळे धरतील, हा साधा विचार त्याच्या मनात आला, आणि त्या विचारातून ईश्वराच्या सामर्थ्याचा जो प्रत्यय त्याला आला तो जन्मभर टिकला. १६४० मध्ये तो पॅरिसमधील अनवाणी कार्मेल संन्याशांच्या मठात सेवाबंधू म्हणून दाखल झाला. त्याला दिली गेली मुदपाकखान्याची चाकरी. आणि त्या कामाचा त्याला स्वभावतः तिटकारा होता, ही गोष्ट त्याच्या चरित्रातून वगळणे म्हणजे त्या चरित्राचा कणाच काढून घेणे होय. नावडत्या कामात, नावडत्या धुरात, मंडळींची हाकाहाक चालू असताना, तव्यावरचे अंडे परतणे हेही देवाच्या प्रीतीस्तव करता येते असे तो म्हणे; आणि अशी पंधरा वर्षे गेल्यावर, पुढे मठातील पादत्राणे शिवण्याचे काम आले तेव्हाही त्याने तोच परिपाठ ठेवला. मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करण्यास त्याला बर्गंडीत पाठविले, तेव्हा अधू पायामुळे नावेत चालता येईना म्हणून तो पिंपांवरून लोळत इकडून तिकडे जाई. हे काम तुझे आहे एवढे देवाला सांगून तो निघे, आणि काम बरे पार पडले असे त्याला मागाहून दिसून येई.

हा सारा काळ आनंदात गेला असे मात्र कोणी समजू नये. आरंभीची सुमारे दहा वर्षे आपण देवाने टाकलेले आहोत या भयाने त्याचा जीव पोळत होता. त्यातून तो बाहेर आला तो कोणत्याही युक्तीने नव्हे. हे भय असेच राहिले तरी मी देवावर प्रीती करण्याचे सोडणार नाही, असा निश्चय त्याने केला, आणि मग ते भयच ओसरले. त्याच्या साधनेतील एक तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. चूक झाली, मन भरकटले, असे ध्यानात येताच तो देवापाशी कबुली देई, तू सोडलेस तर माझ्या हातून असेच होणार असे सांगे, आणि त्या चुकीपाशी रेंगाळत न बसता हातातल्या कामाकडे वळे. जमाखर्चाच्या भाषेत बोलावयाचे तर कृपेच्या कीर्दीत जशी शिल्लक पुढे ओढता येत नाही, तशी थकबाकीही ओढली जात नाही. माझी भगिनी बुधवारी कोरडी ठाक होते हे खरे; परंतु सोमवार-मंगळवारची बाकी ती बुधवारच्या डोक्यावर चढविते, आणि त्या ओझ्याखाली बुधवारचा मान्ना उन्हाबरोबर वितळून जातो. यिर्मयाच्या काळी यरुशलेम जळून उद्ध्वस्त झाल्यावर लिहिल्या गेलेल्या विलापगीताच्या ऐन मध्यभागी, देवाची दया रोज सकाळी नवी होते अशी साक्ष आहे. ती राखेच्या ढिगाऱ्यात बसून दिलेली असल्यामुळेच मला ग्राह्य वाटते.

लॉरेन्स १६९१ मध्ये वारला. जोझेफ द बोफोर या धर्मगुरूने त्याची संभाषणे व पत्रे एकत्र केली नसती, तर त्या मुदपाकखान्याची वार्ता भिंतीबाहेर आली नसती.

आपल्या मुलखात पाहू गेल्यास केडगाव फार दूर नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून हाडांचे सापळे झालेल्या मुली पंडिता रमाबाईंनी आणल्या, आणि पुढे गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील त्यांच्या मुक्ती मिशनात तोंडे हजारावर गेली. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये जिला 'सरस्वती' ही पदवी दिली, ती विदुषी धान्य, कपडे, औषधे, गुरेढोरे, माग आणि तेलाचा घाणा यांच्या व्यवस्थेत रोजचा दिवस काढीत होती. आणि त्याच दिवसांतून वेळ काढून, हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, खेड्यातील बाईला समजेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषान्तर करीत होती. संस्कृतप्रचुर भाषा तिच्या हातची होती, ती तिने जाणूनबुजून बाजूस ठेवली. छापखानाही मुक्तीचाच, आणि तेथे खिळे जुळविणारे हात मुक्तीतल्या बायकामुलींचे. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाई गेल्या, आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. अन्नाची व अक्षरांची सेवा तेथे एकाच आवारात चालली, आणि त्यांपैकी कोणती अधिक पवित्र असा वाद रमाबाईंनी घातल्याचे मला तरी दिसत नाही.

यावरून रविवारच्या उपासनेची थोरवी कमी होते असा अर्थ कोणी काढू नये. पवित्र भोजनाच्या मेजावर जी भाकर मोडली जाते, तिच्यामुळेच घरची भाकर ओळखू येते. अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य पुनरुत्थित प्रभूबरोबर कित्येक मैल चालले, त्याच्या मुखातून शास्त्राचा उलगडा ऐकला, अंतःकरण पेटले, तरीही त्यांना तो ओळखू आला नाही. दिवस मावळत आला म्हणून त्यांनी आग्रहाने त्याला घरी ठेवून घेतले, तो जेवावयास बसला, त्याने भाकर घेऊन आशीर्वाद दिला, मोडली, त्यांच्या हाती दिली, आणि त्या क्षणी त्यांचे डोळे उघडले. तोच तो दिसेनासा झाला. लूक सांगतो की ते दोघे त्याच घटकेस उठले आणि यरुशलेमला परत निघाले. रात्र पडत होती, वाट सात मैलांची होती, आणि जिच्यामुळे ओळख पटली ती मोडलेली भाकर बहुधा तशीच मेजावर राहिली. त्यांच्या त्या रात्रीच्या वाटेविषयी पुढील लेखांकात लिहीन.