लाव्हात सापडलेला समुद्राचा चिखल

मध्य अमेरिकेत निकाराग्वा देशात, लिओन शहराजवळ सेरो नेग्रो नावाचा काळाकुट्ट ज्वालामुखी आहे. १८५० साली तो जमिनीतून वर आला. १९९२ च्या उद्रेकात त्याची राख लिओनच्या छपरांवर पडली. निकाराग्वातल्या अशा ज्वालामुखींच्या ताज्या लाव्हात बेरिलियम-१० नावाचा किरणोत्सारी अणू सापडतो. खरं पाहता तो तिथे असायला नको, कारण हा अणू पृथ्वीच्या पोटात तयार होत नाही. तो तयार होतो आकाशात.

अंतराळातून येणारे वैश्विक किरण हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आदळतात, ती फुटतात आणि त्यांच्या तुकड्यांत थोडं बेरिलियम-१० असतं. पावसाबरोबर ते खाली येतं, समुद्रात मातीच्या बारीक कणांना चिकटतं आणि त्यांच्यासोबत तळाशी बसतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षांचं. म्हणजे तेवढ्या काळात निम्मे अणू नाहीसे होतात आणि कोटभर वर्षांनी जवळपास काहीच उरत नाही. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. तेव्हा खोल प्रावरणातून आलेल्या शिलारसात हा अणू दिसला, तर तो भूवैज्ञानिक मापाने अगदी अलीकडे पृष्ठभागावरून खाली गेलेला असला पाहिजे.

महासागराचा तळ गर्तांपाशी, म्हणजे समुद्रातल्या लांबच लांब खोल चरांपाशी, दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो, हे १९६० च्या दशकाअखेरीस बहुतेकांनी मान्य केलं होतं. वाद होता तो त्या तळावर साचलेल्या गाळाचा. हा गाळ भुसभुशीत, पाण्याने भरलेला आणि हलका. तो खाली कसा जाईल, वरच्या भूपट्टाच्या कडेला खरवडला जाऊन तिथेच ढीग होऊन राहील, असं अनेकांना वाटे. त्यात तथ्यही होतं, कारण असे खरवडलेल्या गाळाचे प्रचंड ढीग जगात बऱ्याच ठिकाणी आहेत.

या वादात बेरिलियम-१० निर्णायक ठरलं. अडचण एकच होती, मोजायचं कसं? एक ग्रॅम लाव्हात हे अणू साधारण काही दशलक्ष, आणि साध्या बेरिलियमचे अणू त्यांच्या अब्जावधी पट. १९७० च्या दशकाअखेरीस कणत्वरक वापरून एकेक अणू वेगळा मोजण्याचं तंत्र पुढे आलं. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतले लुई ब्राऊन, फुआद तेरा आणि सेल्विन सॅक्स यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जेफ्री क्लाइन आणि रॉय मिडलटन यांच्यासोबत ज्वालामुखी बेटांचे लाव्हा तपासले आणि १९८२ साली निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापला. गर्तांलगतच्या कित्येक ज्वालामुखींत हा अणू होता. जिथे भूपट्ट खाली जात नाहीत, अशा ठिकाणच्या लाव्हांत तो जवळजवळ नव्हता.

शंका लगेच आली: तो ज्वालामुखीवर पडलेल्या पावसातूनच आला नसेल कशावरून? पाऊस तर सगळीकडे पडतो. मला या साऱ्या कथेत सर्वांत देखणं वाटतं ते या शंकेचं उत्तर. ज्युली मॉरिस आणि तेरा यांनी लाव्हातली खनिजं एकमेकांपासून वेगळी केली आणि प्रत्येकात बेरिलियम-१० आणि साधं बेरिलियम यांचं प्रमाण मोजलं. पावसाचं पाणी नंतर मुरलं असतं, तर हे प्रमाण खनिजागणिक बदललं असतं. ताज्या नमुन्यांत ते जुळलं. म्हणजे स्फटिक बनण्याआधीच, शिलारस वितळलेला असतानाच, तो अणू त्यात मिसळलेला होता.

त्यातून वेगाचाही अंदाज आला. निकाराग्वाखाली कोकोस भूपट्ट वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर सरकतो. गर्तेपासून ज्वालामुखींच्या खालपर्यंत, साधारण शंभर-दीडशे किलोमीटर खोलीवर पोचायला त्याला २५-३० लाख वर्षं लागतात. या प्रवासात दोन अर्धायुष्यं उलटली तरी चौथा हिस्सा शिल्लक राहतो, आणि तोच वर येतो.

पण भूपट्ट आणि त्यावरचा गाळ खाली जाऊन करतात काय? मुख्य काम पाण्याचं. भूपट्टाच्या वरच्या थरांतला बेसाल्ट समुद्राच्या पाण्याने बदललेला असतो आणि त्याच्या खनिजांत पाणी बांधलेलं असतं. खोलवर दाब आणि उष्णता वाढली की ही खनिजं मोडतात, पाणी सुटतं आणि वरच्या प्रावरणात शिरतं. पॉटच्या आइस्क्रीमसाठी बर्फात मीठ घातलं की बर्फ शून्याखालीही वितळतो, तसं पाण्यामुळे प्रावरणाचा खडक काही शे अंश कमी तापमानालाच वितळू लागतो. म्हणून गर्तांना समांतर ज्वालामुखींची रांग उभी राहते. सह्याद्रीच्या पायऱ्या ज्या लाव्हाच्या थरांनी घडवल्या, तो दख्खनचा लाव्हा या प्रकारचा नव्हे. त्यात पाणी कमी, म्हणून तो शांतपणे दूरवर पसरला. गर्तांजवळचा शिलारस वर येताना त्यातलं पाणी वाफ होऊन सुटतं आणि उद्रेक स्फोटक होतो.

पाण्याबरोबर आणि वितळलेल्या गाळाबरोबर काही मूलद्रव्यं सहज वर जातात. बेरियम, शिसं, बोरॉन ही त्यांतली. नायोबियम मात्र मागेच राहतं. त्यामुळे गर्तांजवळच्या लाव्हात बेरियम भरपूर आणि नायोबियम अत्यल्प असतं. टेरी प्लँक आणि चार्ल्स लँगमुइर यांनी १९९३ साली उलट दिशेने तपास केला. गर्तांपुढच्या समुद्रतळातून छिद्रं पाडून काढलेले गाळाचे नमुने घेतले आणि खाली किती बेरियम जातं याचा हिशेब मांडला. जिथे गाळात बेरियम जास्त, तिथे लाव्हातही जास्त निघालं. ज्वालामुखीचं रसायन त्याच्या समोरच्या समुद्रतळावर ठरतं, हे त्यातून आकड्यांनी दिसलं.

निकाराग्वाच्या शेजारीच कोस्टा रिका. तिथेही तोच कोकोस भूपट्ट खाली जातो, पण तिथल्या लाव्हात बेरिलियम-१० फारच थोडं मिळतं. बहुधा गाळाचा सर्वांत वरचा, ताजा थर तिथे मागेच राहतो. कारणांवर अजून चर्चा चालू आहे. बेरिलियम-१० असतं ते नेमकं याच वरच्या थरात. म्हणून ते सापडलं नाही, तर गाळ खाली गेलाच नाही असा अर्थ काढता येत नाही.

असा चुकीचा अर्थ काढण्याचा धोका अंदमानच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावा लागतो. तिथे भारतीय भूपट्ट खाली सरकतो, आणि त्याच्यावर गंगा-ब्रह्मपुत्रेने हिमालयातून आणलेला गाळ काही किलोमीटर जाडीचा आहे. त्याचा मोठा वाटा खरवडला गेला. अंदमान बेटं बऱ्याच अंशी अशाच साचलेल्या खडकांची बनली आहेत. त्यांच्या पूर्वेला बॅरन बेटाचा ज्वालामुखी १९९१ पासून पुन्हा जागा आहे, भारतातला एकमेव सक्रिय ज्वालामुखी. तिथल्या लाव्हात हिमालयाचा किती अंश आहे हे शोधायचं, तर बेरिलियमपेक्षा शिसं, स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियम यांच्या समस्थानिकांवर अधिक विसंबावं लागतं, कारण त्या गाळाच्या खालच्या, जुन्या थरांतही त्यांची खूण पुसली जात नाही.