तात्या सरपंचांची कॅसेट

दिवाळीच्या आधी आठ दिवस माळा साफ करायचा, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. मी शिडीवर उभा राहून वस्तू खाली द्यायच्या आणि सौभाग्यवतींनी खालून त्यांचा निकाल लावायचा. यंदा बिस्किटांचा एक गंजका डबा खाली गेला आणि पाठोपाठ प्रश्न आला, "ही कॅसेट कसली हो? फीत तर सगळी बाहेर आली आहे. टाकू का?"

मी शिडीवरून खाली पाहिले. कॅसेटवरची अक्षरे पुसट झाली होती, पण ती वाचायची मला गरजच नव्हती. ती 'वस्त्रहरण'ची कॅसेट होती.

"थांब," मी म्हणालो, आणि शिडी उतरून तिथेच पायरीवर बसलो. माळ्याचे काम त्या दिवशी तेवढ्यावरच राहिले, हे सांगायला नकोच.

आमच्या पिढीतले मुंबई-पुण्याचे मित्र गप्पांत रंगले, की त्यांच्या घरच्या आठवणीत हमखास 'चिमणराव' निघतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर ही मालिका लागली. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांनी असा काही उभा केला, की शेजारपाजारची मंडळी एका दूरचित्रवाणी संचापुढे दाटीवाटीने बसत. आम्हा मालवण किनाऱ्यावरच्या मंडळींच्या नशिबी तो संच पुष्कळ उशिरा आला. पण आमचाही एक चिमणराव होता. तो दिसत नसे, नुसता ऐकू येई. त्याचे नाव तात्या सरपंच, आणि त्याला आवाज देणारा माणूस म्हणजे मच्छिंद्र कांबळी.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 'वस्त्रहरण' हे गंगाराम गवाणकरांचे नाटक १९८० साली रंगभूमीवर आले. गवाणकर राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. त्यांच्याच 'आज काय नाटक होवचा नाय' या एकांकिकेचा विस्तार होऊन हे नाटक झाले. कथा म्हणावी तर एवढीशी. कोकणातल्या एका गावातली हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसवायला घेतात. आधी तालमीचा गोंधळ, मग प्रयोगाच्या रात्रीचा त्याहून मोठा गोंधळ, आणि या सगळ्यावर सरपंचाच्या अधिकाराने देखरेख करणारे तात्या. सुरुवातीला नाटक चालेना. पुढे पु. ल. देशपांड्यांनी ते पाहिले, मनमोकळी दाद देणारे पत्र लिहिले, ते जाहिरातीत छापले गेले आणि नाटकाचे दिवस पालटले. त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. मुंबईच्या गिरणगावापासून ते थेट लंडनपर्यंत तात्या जाऊन आले.

मच्छिंद्र कांबळींचा जन्म ४ एप्रिल १९४७ चा. गाव रेवंडी. मालवणहून कोळंबची खाडी ओलांडली की रेवंडी येते. तिथली ग्रामदेवता भद्रकाली. पुढे त्यांनी स्वतःची नाट्यसंस्था काढली, तेव्हा तिला 'भद्रकाली प्रॉडक्शन्स' हे नाव दिले. मुंबईच्या नाट्यगृहांच्या जाहिरातींत गावच्या देवीचे नाव रोज छापून यावे, ही कल्पनाच मोठी गोड आहे. 'पांडगो इलो रे बा इलो', 'घास रे रामा', 'येवा कोकण आपलाच असा' अशी एकाहून एक नाटके त्यांनी केली. यातल्या शेवटच्या नाटकाचे नाव तर पुढे पाहुण्यांच्या स्वागताचे वाक्यच होऊन बसले.

आता आमच्या घराकडे वळतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांचा घरात एकच कडक नियम होता. मुलांनी शुद्ध बोलायचे. 'माका' म्हटले की कानाला चिमटा, 'खय' म्हटले की पाढे. आजीला मात्र मालवणीखेरीज काही येत नसे. त्यामुळे आमचे घर भाषेच्या बाबतीत दुभंगलेले होते. माजघरात अण्णांचे राज्य, तर मागीलदारी आजीचे. आम्ही मुले उंबरठा ओलांडताना जीभ बदलत असू. लहानपणी त्यात काही वावगे वाटले नाही. देवळात जाताना चपला काढतात, तसेच हे.

१९९० च्या गणपतीला मुंबईहून काका आले. सामानात मोदकांचे साचे, आजीसाठी लुगडे, एक टेपरेकॉर्डर आणि ही कॅसेट. आरत्या झाल्या, जेवणे झाली आणि काकांनी ओसरीवर कॅसेट लावली.

पहिल्या पाच मिनिटांतच आजी पुढे सरकून बसली आणि तिने विचारले, "ह्यो सरपंच खयचो रे? आमच्या वाडयेतलो काय?" आम्ही हसलो, पण तिची शंका खरी होती. तो आवाज वाडीतलाच होता. बोलता बोलता मध्येच थांबणे, समोरच्याला आपल्या मूर्खपणाची जाणीव व्हायला पुरेसा वेळ देणे आणि मग खालच्या सुरात एकच शब्द टाकणे, ही सगळी रीत आम्ही रोज चव्हाट्यावर ऐकत होतो. फक्त ती टेपरेकॉर्डरमधून येऊ शकते, हे कुणाला माहीत नव्हते.

आमचे सगळ्यांचे लक्ष मात्र अण्णांकडे होते. कॅसेटमध्ये भाषा ज्या मोकळेपणाने धावत होती, तिचा चौथा हिस्साही आम्ही उच्चारला असता तर घरात जागा मिळाली नसती. अण्णा भिंतीला टेकून, वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते. थोड्या वेळाने ते वर्तमानपत्र हलू लागले. मग खाली आले. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. माझे वडील हसताना कसे दिसतात, हे मी अकराव्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिले.

आणि मग ते म्हणाले, "ता परत लाव रे. माका परत ऐकूचा आसा."

ओसरीवर क्षणभर शांतता झाली. अण्णा 'माका' म्हणाले होते! आजीने पदर तोंडाला लावला. तिला बहुधा फार वर्षांनी तिचा मुलगा भेटला असावा.

पुढे १९९४ साली जवळच्या गावात 'वस्त्रहरण'चा प्रयोग लागला, तेव्हा अण्णांनी आम्हा सर्वांची तिकिटे काढली. उघड्यावर मांडव, पत्र्याच्या खुर्च्या, मागे माडांची रांग. तात्यांची वाक्ये निम्म्या लोकांना पाठ होती. तरी कांबळी ती म्हणत तेव्हा नवी वाटत, कारण समोरच्या गर्दीत काय चालले आहे ते पाहून ते मधूनच काही भर घालीत, आणि मग पाठ असलेले वाक्य कुठून येईल याचा भरवसा उरत नसे. जो माणूस घाईने विनोद करत नाही, त्याच्यावर लोक विश्वास टाकतात. कांबळींना घाई नव्हती.

तिथून चालत परत येताना अण्णांनी मला एक गोष्ट सांगितली. ते एकोणीस वर्षांचे असताना मुंबईत एका कचेरीत नोकरीसाठी गेले होते. मुलाखतीला बोलावले तेव्हा घाबरून तोंडातून 'माका' निघून गेले. टेबलापलीकडचे तिघेही हसले. एकाने तर ते पुन्हा म्हणून दाखवायला सांगितले. अण्णा दुसऱ्याच दिवशी एस्.टी.त बसून गावी परतले आणि पुढे मास्तर झाले. हे सगळे सांगून झाल्यावर ते थोडे चालले आणि म्हणाले, "तेका हसाक लोकांनी तिकिटा काडल्यानी. माका मेले फुकट हसले."

मी त्या वेळी मोठ्याने हसलो. तेही हसले. त्या वाक्याचा अर्थ मला कळायला मात्र मध्ये बरीच वर्षे जावी लागली.

आता मराठीचा प्राध्यापक या नात्याने दोन शब्द. आमच्याकडे दशावतार आहे. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे रात्रभर दशावतारी नाटक रंगते. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे जुळवायचे, स्त्रीची भूमिका पुरुषानेच करायची. पेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर इंद्रसभा उभी राहते. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री राजा होतो आणि पहाटे पुन्हा डोक्यावर आपला पेटारा घेऊन पुढच्या गावाची वाट धरतो. या नाटकात एक अलिखित संकेत आहे. राजे, देव आणि ऋषी बोलतात ती भारदस्त ग्रंथी मराठी. मालवणी येते ती बहुधा हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी. म्हणजे आमची भाषा रंगमंचावर शेकडो वेळा आली, पण सिंहासनाच्या शेजारी उभी राहण्यासाठी.

'वस्त्रहरण'ने हा संकेत उलटा केला. इथे मालवणी मधोमध खुर्ची टाकून बसली, आणि ग्रंथी मराठीच बिचारी अडखळू लागली. हौशी नटांच्या तोंडी ते पल्लेदार शब्द बसेनात म्हणून आपण हसतो. पण नीट पाहिले तर आपण त्या नटांना हसत नसतो. ते मालवणीत बोलतात तेव्हा शहाणेच असतात. हसू येते ते उसन्या भाषेच्या झग्याला, जो त्यांच्या अंगावर मावत नाही. त्या झग्याची लाज आम्ही दोन पिढ्या बाळगली होती. नाटकाने ती लाज उघड्यावर आणून ठेवली आणि तिचेच हसे केले. कुणी या भाषेला शिवराळ म्हटले. ते अगदीच खोटे आहे असेही नाही. पण आमच्याकडे शिवी ही पुष्कळदा मायेचीच हाक असते, हे कोकणात आठ दिवस राहिलेल्या कुणालाही पटेल.

३० सप्टेंबर २००७ रोजी मच्छिंद्र कांबळी गेले. साठीच्या उंबरठ्यावरून नुकतेच पुढे आले होते. त्या संध्याकाळी अण्णांनी कॅसेट मागितली. लावली, तर पाचव्या मिनिटाला फीत यंत्रात अडकली आणि गुंडाळा होऊन बाहेर आली. पेन्सिलीने फिरवून पाहिली, पण व्यर्थ. अण्णा म्हणाले, "रवांदे." ती डब्यात ठेवली गेली ती कालपर्यंत. २०१४ साली अण्णाही गेले.

इथे हा लेख संपवता आला असता तर बरे झाले असते. पण माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय तो पुरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात किनाऱ्यावरच्या रापणकारांच्या घरातली एक मुलगी होती. पहिल्या बाकावर बसायची. एकदा एका कथेतल्या आईबद्दल मी प्रश्न विचारला. तिने हात वर केला आणि उत्तर देण्याच्या भरात म्हणाली, "सर, माका वाटता..." वर्ग हसला. तेवढ्यावर निभावले असते. पण मीही हसलो. फार नाही, थोडासाच. आणि म्हणालो, "शुद्ध बोल, बाळ." ती खाली बसली. उत्तर तसेच राहिले. वर्षभर तिने पुन्हा हात वर केला नाही.

गेल्या वर्षी ती मला बाजारात भेटली. छान नोकरी आहे, संसार आहे. तिने वाकून नमस्कार केला आणि अगदी स्वच्छ, घोटीव मराठीत विचारले, "सर, आपण बरे आहात ना?" एकही चूक नव्हती. मास्तरांनी संतुष्ट व्हावे अशी भाषा. मला अण्णांचे ते टेबलापलीकडचे तिघे आठवले. त्यांच्या रांगेत चौथी खुर्ची माझी होती.

मी तिला काहीतरी मालवणीत बोलायला गेलो, पण ती हसून प्रमाण मराठीतच बोलत राहिली. दार एकदा लावले की ते आपल्या सोयीने उघडत नाही. ते उत्तर काय होते, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तेव्हापासून पहिल्या तासाला मी मुलांना आपापल्या घराविषयी पाच मिनिटे बोलायला सांगतो, आणि तेही घरच्याच भाषेत. सुरुवात मी करतो, अण्णांच्या गोष्टीने. प्रमाण मराठी शिकवणे हे माझे काम आहे आणि ते मी सोडलेले नाही. परीक्षा, अर्ज, मुलाखती यांना ती लागतेच. पण एक भाषा यावी म्हणून दुसरी पुसावी लागत नाही, एवढे मला उशिरा कळले.

"अहो, सांगा ना, टाकू का?" सौभाग्यवतींनी पुन्हा विचारले. कॅसेट वाजण्याजोगी राहिलेली नाही. आता तो प्रयोग ऐकायचा तर दुसरी साधने पुष्कळ आहेत. पण या फितीत पाचव्या मिनिटाच्या पुढे कुठेतरी आजीच्या हसण्याची आणि अण्णांच्या त्या पहिल्या 'माका'ची जागा आहे, असे मला उगीचच वाटते.

"रवांदे," मी म्हणालो.