कोळ्याचें जाळें आणि समुद्रपक्षी

लहान होडींतून मासे धरणारा कोळी आणि लाटांवरून फिरणारा पक्षी हे दोघे एकाच ताटांत जेवणारे होत. जेथें मासा तेथें पक्षी, आणि जेथें पक्ष्यांचे थवे तेथें मासा, ही खूण कोळ्यांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. असें असतां या दोघां सोबत्यांपैकीं एकाच्या पोटाच्या उद्योगानें दुसऱ्याचा नाश होऊं लागावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मोठमोठ्या यांत्रिक जहाजांनीं समुद्र खरवडून काढिला तर पक्ष्यांची हानि होईल, हें कोणासही पटतें. परंतु चार माणसांची होडी आणि हातानें ओढावयाचें जाळें यांमुळें पक्ष्यांची एखादी जात नाहींशी होण्याची वेळ यावी, हें प्रथम खरें वाटत नाहीं. तें कसें घडतें व त्यावर उपाय कोणता, हें आमच्या विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

यासाठीं आपण दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पेरू देशाकडे जाऊं. या किनाऱ्यालगत हंबोल्ट नांवाचा थंड प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. वाऱ्यामुळें वरचें पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलें जातें आणि त्याच्या जागीं खालचें थंड, पोषक द्रव्यांनीं भरलेलें पाणी वर येतें. त्या पाण्यांत सूक्ष्म वनस्पतींचें उदंड पीक येतें. त्यावर ‘आंचोवेता’ नांवाचे लहान मासे पोसतात, आणि त्या माशांवर लक्षावधि पक्षी. या पक्ष्यांची विष्ठा, जिला ‘ग्वानो’ म्हणतात, ती उत्तम खत असल्यामुळें १८४० ते १८८० या काळांत तिच्या विक्रीनें पेरूच्या सरकारची तिजोरी भरत असे. पुढें खताचे सांठे संपत आले, तेव्हां पक्षी राखले तरच खत मिळेल हें ओळखून १९०९ सालीं त्या देशांत खताच्या व्यवस्थेसाठीं एक कंपनी स्थापन झाली आणि पक्ष्यांच्या बेटांवर राखणदार नेमले गेले. पक्ष्यांचें मोल न जाणणारा असा हा देश नव्हे. परंतु बेटावर राखण करणें एक आणि अफाट समुद्रावर राखण करणें दुसरें.

पेरूच्या कायद्याप्रमाणें ज्या होडीची लांबी १५ मीटरांहून अधिक नाहीं, जिच्या कोठींत ३२.६ घनमीटरांहून अधिक माल मावत नाहीं, व जिच्यावरील काम मुख्यतः हातांनीं चालतें, ती होडी लहान मासेमारीची समजली जाते. अशी एक होडी समुद्रांत कितीशी उलथापालथ करणार, असें कोणीही विचारील. तथापि २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत या सर्व होड्यांचा एकत्र अंदाज बांधला गेला. त्यावरून असें दिसलें कीं, त्या वर्षभरांत जीं जाळीं समुद्रांत सोडितात त्यांची एकूण लांबी १,००,००० किलोमीटरांहून अधिक भरते, आणि त्या जे गळ टाकितात त्यांची संख्या सरासरी ८ कोटि होते. पृथ्वीचा घेर सुमारें ४०,००० किलोमीटर आहे, हें विद्यार्थ्यांनीं भूगोलांत वाचलेंच असेल. म्हणजे या ‘लहान’ जाळ्यांनीं दरवर्षीं पृथ्वीस अडीच वेढे बसतात! थेंबें थेंबें तळें सांचतें, ही म्हण आपण नेहमीं लाभाच्या बाबतींत वापरतों. हानीच्या बाबतींतही ती तितकीच खरी आहे.

आतां पक्षी मरतात कसे तें पाहूं. कोकणांतील वाचकांस रापण, डोल, पाग हीं जाळीं परिचित आहेत. पेरूचे कोळी ज्या जाळ्याचा फार उपयोग करितात तें पाण्यांत पडद्यासारखें उभें राहतें. वरच्या दोरीस तरंगणारे गोळे आणि खालच्या दोरीस वजनें बांधलेलीं असतात. मासा पोहत येतो, त्याचें डोकें जाळ्याच्या छिद्रांत शिरतें, आणि मागें सरूं लागतांच त्याचे कल्ले धाग्यांत अडकतात. पूर्वीं अशीं जाळीं सुताचीं किंवा सणाचीं असत. तीं जाड, पाण्यांत दिसण्याजोगीं आणि लवकर कुजणारीं होतीं. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचा धागा आला. तो बारीक, बळकट, न कुजणारा आणि पाण्यांत जवळजवळ अदृश्य. कोळ्याचे कष्ट त्यानें पुष्कळ हलके केले. परंतु जो धागा माशास दिसत नाहीं तो पक्ष्यासही दिसत नाहीं. पाणकावळा किंवा पेंग्विन माशामागें बुडी मारतो, तेव्हां त्याचें सारें लक्ष भक्ष्याकडे असतें. पंख किंवा मान धाग्यांत गुरफटली कीं त्याची धडपड त्यास अधिकच गुंतविते. मासा पाण्यांत श्वास घेतो, पक्ष्यास मात्र वर यावेंच लागतें. तें न साधल्यामुळें तो थोड्याच वेळांत गुदमरून मरतो. कोळी जाळें ओढतो तेव्हां माशांबरोबर हा निर्जीव पक्षीही वर येतो. त्यास मारावें असें कोळ्याच्या मनांतही नसतें. उलट तो सोडवितांना जाळें फाटतें तें त्याचेंच.

दुसरें साधन गळांच्या लांब दोरीचें. एका मुख्य दोरीस शेंकडों आंखूड दोऱ्या आणि प्रत्येकीच्या टोंकास गळ, असा हा प्रकार आहे. गळास म्हाकुलाचे किंवा माशाचे तुकडे लावून दोरी पाण्यांत सोडूं लागले कीं आमिष बुडण्यापूर्वींचे कांहीं क्षण तें पृष्ठभागाजवळ असतें. तेवढ्यांत पक्षी झडप घालतो, गळ त्याच्या चोंचींत रुततो, आणि दोरीबरोबर तोही खालीं ओढला जातो.

या दोन्ही प्रकारांचा अत्यंत कठीण घाव गालापागोस बेटांवरील आल्बाट्रॉस पक्ष्यावर पडला आहे. याचे पंख पसरले असतां टोंकापासून टोंकापर्यंत सव्वादोन मीटरांहून अधिक भरतात, तरी हा समुद्रपक्षी पंख फारसे न हालवितां वाऱ्यावर तरंगत जातो. इक्वेडोर देशाच्या ताब्यांतील एस्पान्योला नांवाचें सुमारें ६० चौरस किलोमीटरांचें एक बेट हेंच जवळजवळ या साऱ्या जातीचें सूतिकागृह आहे. तो घरटें बांधीत नाहीं; मादी उघड्या जमिनीवर एकच अंडें घालते आणि नर व मादी दोन महिने आळीपाळीनें तें उबवितात. पुढें पिल्लाच्या पोटासाठीं आईबापांस दूरच्या समुद्रावर जावें लागतें, आणि ज्या पाण्याकडे ते जातात तें सुमारें १००० किलोमीटरांवरील पेरूच्या किनाऱ्याचें असतें. अर्थात् ज्या बेटावर त्यांना पूर्ण अभय आहे तेथून ते जाळ्यांच्या आणि गळांच्या प्रदेशांत स्वतःच उडत जातात.

येथें थोडा हिशेब करूं. कोंबडी वर्षांत कितीतरी अंडीं घालते; त्यांतील बरींच नष्ट झालीं तरी तिचा वंश चालतो. आल्बाट्रॉसच्या जोडप्याचें वर्षाकांठीं फार तर एक पिल्लूं, तेंही जगेल तर. आणि तें स्वतः आईबाप होण्यास कित्येक वर्षें लागतात. मग ही जात आजवर टिकली कशी? तर मोठे झालेले पक्षी दीर्घकाळ जगतात म्हणून. सावकारी भाषेंत बोलावयाचें तर येथें व्याज अगदीं थोडें आहे, आणि म्हणून मुद्दल मोडतां कामा नये. जाळें आणि गळ नेमके मुद्दलच मोडतात. कारण त्यांत सांपडतो तो बहुधा मोठा, पिल्लासाठीं भक्ष्य शोधणारा पक्षी. दोघांपैकीं एक परत आला नाहीं तर दुसऱ्यास एकट्यानें तें ओझें पेलवत नाहीं आणि बेटावरील पिल्लूं उपासमारीनें मरतें. एका गळानें दोन जीव जातात. पैकीं एक कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, मग ती कडू कां असेना. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें दाखविलें कीं, हे सर्वच पक्षी चुकून सांपडत नाहींत. कांहीं मुद्दाम धरून खाल्ले जातात. उघड्या होडींत अनेक दिवस काढणाऱ्या आणि शिदोरी तुटपुंजी असणाऱ्या माणसास चारएक किलोग्रॅमचा पक्षी म्हणजे जेवण वाटावें, हें समजण्याजोगें आहे. तथापि २००१ सालच्या मोजणींत ज्या जातीचे मोठे पक्षी सारे मिळून ३५,००० च्या आसपास भरले, तिला हें जेवण परवडणारें नाहीं. २००७ सालीं जागतिक निसर्गसंरक्षण संघानें ही जात अत्यंत संकटग्रस्त जातींच्या यादींत घातली.

एकट्या पेरूची ही कथा नव्हे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्याप्रमाणें उभ्या जाळ्यांत सांपडून दरवर्षीं निदान ४,००,००० पक्षी मरत असावेत. तरी हें संकट फारसें कोणाच्या नजरेस येत नाहीं. मोठ्या जहाजावर निरीक्षक बसवितां येतो. परंतु लहान होडींत त्यास बसावयास जागा कोठें? एका कोळ्यास विचारावें, तर तो प्रामाणिकपणें सांगेल कीं आपल्या जाळ्यांत क्वचित् एखादा पक्षी येतो. त्याचें म्हणणें खरें असतें. पण असे सहस्रावधि कोळी हेंच उत्तर खरेपणानें देतात, आणि त्या खऱ्या उत्तरांची बेरीज भयंकर होते.

मग कोळ्यानें उपाशी मरावें काय? असा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल, आणि तो यावाच. ज्या उपायानें गरिबाची भाकर जाते तो उपाय न्यायाचा नाहीं आणि टिकावयाचाही नाहीं. सुदैवानें दुसरे मार्ग शोधले जात आहेत. पेरूच्या उत्तरेकडील सेचुरा उपसागरांत संशोधकांनीं तेथील कोळ्यांच्याच होड्यांवर एक प्रयोग केला. जाळ्यांच्या ११४ जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडींतील एक जाळें नेहमींप्रमाणें सोडलें आणि दुसऱ्यास विजेऱ्यांवर चालणारे लहान हिरवे दिवे बांधले. मूळ हेतु समुद्रांतील कासवें वांचविण्याचा होता, आणि तो पुष्कळ अंशीं सफल झाला. पण २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिशेबांत पक्ष्यांचाही लाभ दिसून आला: साध्या जाळ्यांत ग्वानाय जातीचे ३९ पाणकावळे सांपडले होते, तर दिवे लाविलेल्या जाळ्यांत अवघे ६. कोळ्यांस हवे असलेले मासे मात्र पूर्वींइतकेच मिळाले.

हें ऐकून कोणी म्हणेल, मग सर्व जगभर दिवे लावून टाका! शास्त्राचें काम इतकें सोपें नसतें. बाल्टिक समुद्रांत पोलंड व लिथुएनिया या देशांत तशाच प्रकारचे प्रयोग झाले, आणि २०१९ सालीं त्यांचें फळ प्रसिद्ध झालें तें असें कीं, तेथें दिव्यांनीं पक्षी वांचले नाहींत. लुकलुकणाऱ्या पांढऱ्या दिव्यांच्या जाळ्यांत तर लांब शेपटीचीं बदकें अधिकच सांपडलीं. म्हणून एस्टोनिया देशांत निराळी युक्ति करून पाहिली गेली, आणि तिचें फळ २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. तरंगत्या खुंटावर दोन मोठे डोळे रंगविलेली पाटी वाऱ्यानें फिरती ठेविली. आपल्या शेतांतील बुजगावण्याचाच हा समुद्रावरचा भाऊ! त्याच्या ५० मीटरांच्या आंत बदकांची संख्या २० ते ३० टक्क्यांनीं घटली. गळांच्या दोरीसाठीं उपाय अधिक ठरलेले आहेत: दोरी रात्रीं सोडावी, आमिष लवकर बुडेल असें वजन लावावें, आणि होडीच्या मागें फडफडणाऱ्या पट्ट्यांची दोरी बांधून पक्ष्यांस दूर ठेवावें. आमिष पक्ष्यानें नेलें नाहीं तर त्यावर मासा लागण्याची आशा राहते; अर्थात् यांत कोळ्याचाही लाभ आहे. अडचण राहते ती खर्चाची, आणि तो एकट्या कोळ्यावर टाकणें योग्य नव्हे. जो मासा खातो त्यानें आणि जो राज्य चालवितो त्यानेंही आपला वांटा उचलला पाहिजे.

आमच्या कोकणांतील कोळ्यांच्या हातींही आतां सुताऐवजीं नायलॉनचेंच जाळें आलें आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे समुद्रकांठचे आहेत त्यांनीं सुटींत किनाऱ्यावर जावें आणि एखाद्या वृद्ध कोळ्यास नम्रपणें विचारावें, “बाबा, तुमच्या जाळ्यांत कधीं पक्षी येतो काय? कोणत्या जागीं, कोणत्या वेळीं?” मिळेल तें उत्तर वहींत टिपून ठेवावें. सेचुऱ्याच्या प्रयोगाचें यशही कोळ्याच्याच होडींत बसून केलेल्या अशाच धीराच्या मोजणीवर उभें आहे. गालीलच्या सरोवरावर जाळीं टाकणाऱ्या गरीब माणसांस प्रभूनें आपले पहिले शिष्य म्हणून निवडलें, आणि त्याच प्रभूनें आपल्या उपदेशांत पांखरांचीही आठवण केली. कोळ्यास दोष न देतां पक्षी वांचवावयाचा आणि पक्षी न गमावतां कोळ्यास जगवावयाचें, हें काम कठीण आहे खरें. परंतु तें एकमेकांविरुद्ध नाहीं. ज्या समुद्रांत पक्ष्यास पोटभर मासा मिळतो, त्याच समुद्रांत कोळ्याचीही होडी भरते.