छोटी गाडी घेण्यापूर्वी रोजमेळ पाहा

आपला व्यापारी दुकानासाठी माल घेताना तागा उलगडून पाहतो, पन्हा मोजतो, धागा ओढून बघतो आणि चार पेढ्यांवर भाव विचारतो. पण हाच व्यापारी मोटारगाडी घ्यायला निघाला की मेहुण्याने कोणती घेतली एवढेच पाहतो. कापड चुकले तर एका खेपेचा नफा जातो. गाडी चुकली तर पाच-सहा लाख रुपये दहा वर्षे दारात उभे राहतात आणि वर दर महिन्याला खर्च मागतात. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवाव्यात असे आम्हांस वाटले. आम्ही मोटारीचे जाणकार नाही. मालेगावात तीस वर्षे साड्यांचा ठोक व्यापार करतो, एवढीच आमची ओळख. मात्र एक गाडी चुकीच्या कामाला लावून आम्ही नुकसान सोसले आहे आणि दुसरी हिशेब करून घेतली आहे.

गाडीतला माल आणि विम्याचा कागद

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे २०१४ सालची आल्टो होती. चाळीसगावच्या एका गिऱ्हाइकाला गौरी-गणपतीचा माल तातडीने हवा होता. टेम्पोवाल्याने अठराशे रुपये भाडे सांगितले. आम्ही म्हटले, घरची गाडी असताना भाडे कशाला? मागची सीट पाडली, साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत भरले आणि निघालो. रस्त्यात समोरून आलेल्या ट्रकला जागा देताना गाडी कडेच्या चारीत उतरली. अल्लाहच्या कृपेने जिवाला काही झाले नाही. पण गाडीचा पुढचा भाग दबला आणि गठ्ठे चिखलाच्या पाण्यात भिजले.

गॅरेजवाल्याने बासष्ट हजारांचा अंदाज दिला. गाडीचा पूर्ण विमा होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. सर्व्हेअर आला, फोटो काढले, गठ्ठे मोजून गेला. पंधरा दिवसांनी कंपनीचे पत्र आले, क्लेम नामंजूर. आम्ही तावातावाने कचेरीत गेलो. तेथील तरुणाने न रागावता आमचीच पॉलिसी आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "चाचा, हे वाचा." वापराच्या मर्यादा असे शीर्षक होते. खाजगी मोटार भाड्याने चालवण्यासाठी वापरता येत नाही, तसेच नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून इतर माल वाहण्यासाठीही वापरता येत नाही, असा त्याचा अर्थ होता. दहा वर्षे आम्ही विम्याचे पैसे भरत होतो, पण ते पान एकदाही वाचले नव्हते.

विमा लोकपालाकडे तक्रार करता येते हे आम्हांला ठाऊक होते. पण कागदावर आमचीच बाजू लंगडी होती. अठराशे वाचवायला गेलो आणि बासष्ट हजार खिशातून गेले, भिजलेल्या साड्या वेगळ्याच.

हे आमच्या एकट्याचे दुःख असते तर लिहिले नसते. कोणत्याही कापडबाजारात सकाळी उभे राहून पाहा. दर पाचव्या-सहाव्या छोट्या गाडीत मागच्या सीटवर माल दिसेल. त्या प्रत्येक गाडीच्या मालकाने आज रात्री आपली पॉलिसी काढून वापराच्या मर्यादांचे पान वाचावे. नमुन्यांच्या दोन बॅगा नेण्यास हरकत नसते, विक्रीचे गठ्ठे नेण्यास असते. हत्यारांची पेटी घेऊन फिरणाऱ्या मिस्त्री व कारागीर बांधवांनी कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे.

रोज माल वाहायचाच असेल तर माल वाहण्याची म्हणून नोंदलेली गाडी घ्यावी. मारुती ईकोचा दोन आसनांचा कार्गो प्रकार किंवा टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, ही त्याची उदाहरणे. यात कराचाही फायदा आहे. चालकासह तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी गाडीवर भरलेला जीएसटी व्यापाऱ्याला सहसा वजा मिळत नाही, ती धंद्यासाठी घेतली तरी नाही. मालवाहू गाडीवरचा जीएसटी मात्र नियमित कर भरणाऱ्या व्यापाऱ्याला धंद्याच्या वापरापोटी वजा मिळू शकतो. लायसन्सची भीतीही आता कमी झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला, की हलक्या मोटारीचे लायसन्स असलेल्या माणसाला साडेसात हजार किलोच्या आतील हलके मालवाहू वाहनही चालवता येते. पण महिन्यातून चार वेळाच माल न्यायचा असेल तर टेम्पोच स्वस्त पडतो. आम्ही आता तेच करतो.

महिनाभराची नोंद

त्या प्रसंगानंतर घरात नव्या गाडीचा विषय निघाला. आमचा मुलगा म्हणाला, "अब्बा, घ्यायचीच तर मोठी घेऊ. हप्ता बांधून मिळतो." आम्ही त्याला एक जुनी वही दिली आणि सांगितले, "महिनाभर प्रत्येक फेरी लिही. कोठे, किती माणसे, किती किलोमीटर. मग बोलू."

महिनाअखेर हिशेब जुळवला. एकूण ५८ फेऱ्या झाल्या. त्यांपैकी ४१ गावातल्या गावात होत्या, दुकान, बँक, सायझिंग, यंत्रमागाचा कारखाना, आणि गाडीत एक किंवा दोन माणसे. ९ फेऱ्या अम्मींना दवाखान्यात किंवा नातेवाइकांकडे नेण्याच्या. ५ फेऱ्या नाशिक-धुळ्याच्या, नमुने दाखवायला आणि वसुलीला. सगळे घर म्हणजे सात माणसे एकत्र गेलो त्या फक्त ३. सगळे मिळून अंतर भरले सुमारे अकराशे किलोमीटर.

या तीन फेऱ्यांसाठी मुलगा सात आसनांची गाडी मागत होता. बाकीच्या पंचावन्न फेऱ्यांत तीच गाडी किदवई रोडवरच्या हातगाड्यांत अडकून पेट्रोल जाळत उभी राहिली असती. त्या तीन दिवसांसाठी भाड्याची गाडी सांगितली तरी वर्षाचा खर्च मोठ्या गाडीच्या दोन-तीन हप्त्यांत बसतो. वही पाहून मुलगा स्वतःच गप्प झाला.

कोणती गाडी कोणाला

आपल्या देशात छोट्या मोटारीचे दिवस डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ने आणले. ती तीस वर्षे चालली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. टाटांची नॅनो २००८ मध्ये लाख रुपयांची गाडी म्हणून गाजली, पण २०१८ मध्ये तीही बंद पडली. सर्वांत स्वस्त हा शिक्का गिऱ्हाइकाला आवडत नाही, हे आपण कापडवाले चांगले जाणतो. स्वस्त गाडी शोधू नये, आपल्या कामाची गाडी शोधावी.

ज्याच्या फेऱ्या गल्लीबोळांतल्या आहेत, माणसे दोन-तीन आहेत, त्याला आल्टो के-१० पुरेशी आहे. तिची रुंदी १४९० मिलिमीटर, म्हणजे वॅगन आरपेक्षा तेरा सेंटिमीटरने कमी. आपल्या मोहल्ल्यात तेरा सेंटिमीटर म्हणजे गाडी निघणे आणि न निघणे यांतला फरक. मात्र डिकी २१४ लिटरचीच. नमुन्यांची एक मोठी बॅग ठेवली की भरली.

ज्याच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्याने वॅगन आर पाहावी. १९९९ मध्ये आलेली ही गाडी २०१९ मध्ये नव्या रूपात आली. उंची १६७५ मिलिमीटर, डिकी ३४१ लिटर. आम्ही अम्मींना दुकानात नेऊन प्रत्येक गाडीत बसवून पाहिले. बुटक्या गाडीत बसताना गुडघे वाकवावे लागतात, उतरताना दोघांनी हात द्यावा लागतो. वॅगन आरची सीट कमरेच्या उंचीला येते. अम्मी बुरखा सावरत स्वतः बसल्या आणि स्वतः उतरल्या. हे कोणत्याही जाहिरातीत कळत नाही, घरच्या माणसाला बसवूनच कळते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत २०२३ मध्ये वॅगन आरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला, तर टाटा टियागोला २०२० मध्ये चार मिळाले होते. वॅगन आरमध्ये २०२५ पासून सहा एअरबॅग सर्व प्रकारांत येऊ लागल्या ही चांगली गोष्ट आहे. पण एअरबॅग वाढल्याने गाडीचा सांगाडा बदलत नाही. ज्याला आठवड्यातून चार-पाच वेळा हायवेने जायचे आहे, रात्री-अपरात्री परतायचे आहे, त्याने टियागोच आधी पाहावी. तिची डिकी २४२ लिटरची, सीट जरा खाली, पण रोज हायवेवर असणाऱ्याने जिवाचा विचार प्रथम करावा. खेड्यापाड्यांतल्या खडबडीत रस्त्यांनी जाणाऱ्याने रेनो क्विडही पाहावी. तिचे पोट जमिनीपासून १८४ मिलिमीटर उंच आहे.

पेट्रोल की सीएनजी

सीएनजीचा मोह सर्वांना आहे. वॅगन आरचा कंपनीने सांगितलेला अ‍ॅव्हरेज पेट्रोलवर लिटरला २४.३५ आणि सीएनजीवर किलोला ३४.०५ किलोमीटर आहे. आपल्या गर्दीत तेवढा पडत नाही. पेट्रोलवर १८ आणि सीएनजीवर २५ धरा. पेट्रोल शंभर रुपये आणि सीएनजी नव्वद धरली तर किलोमीटरला साडेपाच रुपये आणि तीन रुपये साठ पैसे पडतात. बचत झाली सुमारे दोन रुपयांची. सीएनजी गाडीची किंमत नव्वद हजारांनी जास्त धरली तर ती भरून यायला पंचेचाळीस हजार किलोमीटर चालवावे लागते. महिन्याला तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या फिरत्या विक्रेत्याचे पैसे सव्वा वर्षात वसूल होतात. आमच्या अकराशे किलोमीटरला सुमारे साडेतीन वर्षे लागली असती. शिवाय टाकी डिकीतली जागा खाते, आणि दर तीन वर्षांनी तिची तपासणी करून घ्यावी लागते. आपल्या गावातले भाव घालून प्रत्येकाने हा हिशेब स्वतः करावा.

पैसा कोठून आणावा

आपले बरेच बांधव व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात. धार्मिक कारण बाजूला ठेवले तरी व्यापाराचा अनुभव हेच सांगतो. सुताचा भाव चढला, माग बंद पडले, उधारी अडकली, तरी गाडीचा हप्ता त्याच तारखेला येतो. आम्ही आल्टो विकून आलेली रक्कम, भिशीचे पैसे आणि एका वर्षाची बचत एकत्र केली. घाई केली नाही हेही बरे झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

रोख रक्कम कमी असेल तर तीन-चार वर्षे वापरलेली गाडी घेण्यात कमीपणा नाही. मात्र आर. सी. बुकावर बँकेचा बोजा शिल्लक आहे का ते पाहावे, आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर न्यावे, आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज द्यावा. गाडी आपल्या नावावर आणि विमा जुन्या मालकाच्या नावावर, अशा स्थितीत अपघात झाला तर पुन्हा आमच्यासारखीच कचेरीची वारी नशिबी येते.

आम्ही काय केले

दिवाळीनंतर आम्ही पेट्रोलवर चालणारी साधी वॅगन आर घेतली. टियागो अधिक मजबूत आहे हे माहीत असूनही घेतली, कारण आमच्या वहीत हायवेच्या फेऱ्या पाच आणि अम्मींच्या नऊ होत्या. त्याची भरपाई म्हणून घरात नियम केला आहे. हायवेवर वेग ऐंशीच्या आत, मागे बसणाऱ्यालाही पट्टा आणि रात्री नऊनंतर नाशिकहून निघायचे नाही. मुलगा कुरकुरतो, पण पाळतो.

डिकीत नमुन्यांच्या दोन बॅगा असतात. गेल्या महिन्यात चाळीसगावच्या त्याच गिऱ्हाइकाने पुन्हा तातडीचा माल मागितला. टेम्पोवाल्याने आता दोन हजार सांगितले. मुलाने गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता टेम्पोवाल्याला फोन लावला.