बैठकीत चिप, मुठीत नायक

स्पायरो हा जांभळा ड्रॅगन मुळात पडद्यावरचा नायक. ऑक्टोबर २०११मध्ये तो प्लास्टिकचा होऊन मुलांच्या मुठीत आला. ‘पोर्टल ऑफ पॉवर’ नावाच्या गोल चौथऱ्यावर त्याला ठेवलं की चौथरा उजळतो आणि टीव्हीवर स्पायरो अवतरतो. त्याला उचलून ट्रिगर हॅपी हा दुसरा नायक ठेवला, की उजेडाचा रंगही बदलतो आणि पडद्यावरचा गडीही.

हा ‘स्कायलँडर्स’ नावाचा खेळ घडवला कॅलिफोर्नियातल्या ‘टॉइज फॉर बॉब’ने. इथली माणसंच हाताने वस्तू करणारी होती. पात्रं रेखाटणारे आय-वे हुआंग फावल्या वेळात वाफेवर चालणारे छोटे रोबो बनवत. प्रोग्रामर रॉबर्ट लेलँड यांना इलेक्ट्रॉनिक्सचा नाद. पोर्टलचे सुरुवातीचे नमुने त्यातूनच जुळले.

खेळण्याच्या बैठकीत एक किलोबाइटची चिप असते. तिला बॅटरी नाही. मेट्रोच्या कार्डाला गेटवरच्या यंत्राकडून मिळते तशी वीज तिला पोर्टलकडून मिळते. कमावलेलं सोनं, वाढलेली ताकद, मुलाने दिलेलं टोपणनाव, सगळं या चिपमध्ये लिहिलं जातं. म्हणून घरी निन्टेन्डोच्या ‘वी’ या गेमयंत्रावर वाढवलेला नायक खिशात घालून मित्राकडे न्यावा आणि त्याच्या प्लेस्टेशनवर तसाच्या तसा उतरवावा, हे शक्य झालं. या खेळाचा खरा शोध हाच!

याच मालिकेतल्या २०१३च्या ‘स्वॅप फोर्स’मध्ये बाहुल्या कमरेतून सुटायच्या आणि चुंबकाने पुन्हा जुळायच्या. सोळा धडं, सोळा पाय, २५६ जोड्या. मुलांच्या हाताला काय हवं असतं, हे इतकं नेमकं फार थोड्यांना कळलं.

अर्थात खिशाला चाटही लागायची. अग्नी, पाणी अशा ठरावीक तत्त्वाचा नायक नसेल तर खेळातली काही दारं उघडतच नसत. आईबापांचा त्रागा रास्तच होता. तरी २०१५पर्यंत २५ कोटींवर खेळणी खपली. डिस्ने, लेगो, निन्टेन्डोही मैदानात उतरले, दुकानांची फडताळं ओसंडली आणि गिऱ्हाईक थकलं. मे २०१६मध्ये डिस्नेने ‘इन्फिनिटी’ ही आपली अशीच मालिका गुंडाळली. त्याच वर्षीच्या ‘इमॅजिनेटर्स’नंतर स्कायलँडर्सचाही मोठा खेळ आला नाही. निन्टेन्डोची ‘अमिबो’ खेळणी मात्र टिकली.

तरीही ‘टॉइज फॉर बॉब’ने एक शब्द पाळला होता: नव्या खेळात जुनी खेळणी चालतील. २०११चा स्पायरो ‘इमॅजिनेटर्स’च्या पोर्टलवर ठेवला, तर तो आजही पडद्यावर येतो.