पाप धुता येतं का? साबणाचे प्रयोग आणि ख्रिस्ती पश्चात्ताप

मनावरचा डाग, स्वच्छ चारित्र्य, पाप धुऊन काढणं, हात झटकणं. अपराधाबद्दल बोलताना आपण किती सहज धुण्यापुसण्याची भाषा वापरतो, हे कधी तुमच्या लक्षात आलंय का? ख्रिस्ती श्रद्धेत तर ही भाषा अगदी केंद्रस्थानी आहे. बाप्तिस्मा पाण्याने होतो. दावीद राजाच्या नावावर असलेलं ५१ वं स्तोत्र म्हणजे धुऊन शुद्ध होण्याची याचनाच आहे. प्रश्न असा की ही फक्त उपमा आहे, की धुतल्याने मनावर खरंच काही परिणाम होतो?

हा प्रश्न २००६ मध्ये चेन-बो झोंग आणि केटी लिल्जेनक्विस्ट या दोन संशोधकांनी प्रयोगशाळेत नेला. त्यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला आणि खूप गाजला. एका प्रयोगात त्यांनी काही जणांना स्वतःचं एखादं वाईट कृत्य आठवायला लावलं, तर काहींना चांगलं. नंतर भेट म्हणून जंतुनाशक पुसणी किंवा पेन्सिल यांपैकी एक घ्यायला सांगितलं. वाईट आठवलेल्यांपैकी साधारण ६७ टक्के लोकांनी पुसणी घेतली, चांगलं आठवलेल्यांपैकी ३३ टक्क्यांनी. याला ‘मॅकबेथ परिणाम’ असं नाव पडलं.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा शेवटचा प्रयोग. इथे सगळ्यांनीच वाईट कृत्य आठवलं. त्यातल्या काहींना हात पुसू दिले, काहींना नाही. मग विचारलं, एका विद्यार्थ्याला त्याच्या संशोधनात फुकट मदत कराल का? हात न पुसलेल्यांपैकी ७४ टक्के हो म्हणाले. हात पुसलेल्यांपैकी फक्त ४१ टक्के. म्हणजे टोचणी कमी झाली, आणि तिच्यासोबत काहीतरी चांगलं करण्याची इच्छाही.

आता जरा थांबा. हे प्रयोग लहान होते, शेवटच्यात तर पन्नासही माणसं नव्हती. ब्रायन अर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याच निबंधातला दुसरा एक प्रयोग बऱ्याच जास्त लोकांना घेऊन पुन्हा केला. त्यात एक गोष्ट स्वतःच्या हाताने उतरवून काढायची आणि नंतर साबण, टूथपेस्ट वगैरे वस्तू किती हव्याशा वाटतात ते सांगायचं, असं होतं. ब्रिटन, अमेरिका आणि भारत, तिन्हीकडे परिणाम सापडला नाही. त्यामुळे ‘हात धुतले की अपराधभाव जातो हे विज्ञानाने सिद्ध केलंय’ असं कुणी सांगितलं, तर लगेच मान डोलावू नका.

पण त्या शेवटच्या प्रयोगामागची शंका काही खोटी ठरत नाही: हलकं वाटणं आणि सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. ही शंका ख्रिस्ती परंपरेला फार जुनी आहे. शुभवर्तमानात पिलातही हात धुतोच, तेही सगळ्या लोकांसमोर. पण तो धुतो जबाबदारी नाकारण्यासाठी. ५१ वं स्तोत्र याच्या बरोबर उलट दिशेने जातं. त्यात कबुली येते.

म्हणूनच कॅथलिक चर्चने प्रायश्चित्त संस्काराचे भाग वेगवेगळे सांगितले आहेत. (गोव्यात पापकबुलीला कुमसार म्हणतात.) मनापासून वाईट वाटणं, धर्मगुरूसमोर पाप सांगणं, आणि झालेलं नुकसान भरून काढायला काहीतरी करणं, हे तीन भाग माणसाचे. क्षमा देवाची, धर्मगुरूच्या तोंडून मिळालेली. चोरी केली असेल, तर क्षमेचे शब्द ऐकून काम संपत नाही, चोरलेलं परतही करायचं असतं. कुणाची बदनामी केली असेल, तर ती दुरुस्त करायची. मार्टिन ल्यूथरचा १५१७ मधला वादही याच्याशी जोडलेला आहे. क्षमापत्रं विकत मिळत होती आणि लोकांना सुटल्यासारखं वाटत होतं. त्याच्या ९५ प्रबंधांपैकी पहिलाच सांगतो की पश्चात्ताप ही एकदाची गोष्ट नाही, ती आयुष्यभराची आहे.

मग भरपाई म्हणजे क्षमेची किंमत का? नाही, आणि इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय बघा. येशू आधी म्हणतो की आज मी तुझ्या घरी उतरणार. नंतर जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. स्वीकार आधी, परतफेड त्यानंतर. ती क्षमेचं फळ आहे, क्षमेचं बिल नाही.

याच्या जवळ जाणारं एक संशोधन बेलर विद्यापीठातल्या थॉमस कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी लोकांना स्वतःच्या खऱ्या चुकांबद्दल विचारलं. ज्यांनी माफी मागितली होती किंवा भरपाईचा प्रयत्न केला होता, त्यांना स्वतःला माफ करणं नैतिकदृष्ट्या जास्त योग्य वाटत होतं. अर्थात हा लोकांनी स्वतःबद्दल दिलेला जबाब आहे, आणि देव क्षमा करतो की नाही हे कुठलीच प्रश्नावली मोजू शकत नाही. ते मोजणं विज्ञानाचं कामही नाही.

पण एक गोष्ट विज्ञान आणि श्रद्धा दोघांनाही विचारता येते. समजा, एखाद्याने मित्राचे पैसे बुडवले, मग रात्री रडून प्रार्थना केली आणि सकाळी मोकळं वाटलं. ते मोकळेपण खरं असेलही. पण मित्राचे पैसे अजून मिळालेले नाहीत. त्या मोकळेपणानंतर तो मित्राच्या दाराकडे वळतो की तिथून नजर चुकवून जातो, यावरून कळतं की त्याने दावीदासारखं धुतलं की पिलातासारखं.